आईच्या फोनमधला मी

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मी आईच्या फोनमधून नाहीसा झालो. तसा मी बऱ्याच ठिकाणांहून नाहीसा झालेलो आहे. बायकोच्या, म्हणजे दोरेनच्या संसारातून, रविवारच्या फुटबॉलमधून, माझ्या स्वतःच्या जुन्या पँटींमधून. पण तिथे आधी थोडी कुरबूर तरी झाली होती. इथे काहीच नाही. रात्री आई झोपलेली असताना फोनने आपण होऊन स्वतःला नवं करून घेतलं, आणि सकाळी ती टपाल बघायला खाली उतरली तेव्हा तिच्यामागे दार आपटलं. किल्ली आत, आई बाहेर, ॲप्रनच्या खिशात फोन. दुपारी शेजारच्या क्रुम्बीगल बाई बाजारातून परतल्या तेव्हा आई टपालपेट्यांखालच्या पायरीवर बसलेली होती, पायांत घरातल्या सपाता, आणि मांडीवर फोन, आजारी मांजर घेऊन बसावं तसा. बाईंनी मला कळवलं, मी आलो, कुलूपवाला आला, दार उघडलं, कॉफी झाली. आईचे पाय गार पडले होते ते मी माझ्या हातांत धरून बसलो, आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आई, फोन होता ना जवळ? मग मला का नाही लावलास?" "लावणारच होते," आई म्हणाली. "उघडून बघितला. पण त्यात तू नव्हतास."

मी वस्तुसंग्रहालयात पाट्या लिहितो. भुसा भरलेल्या पक्ष्यांखाली जी चार ओळींची पाटी असते आणि जी कुणीही वाचत नाही, ती माझी. नाव, कुठे सापडतो, काय खातो, आता उरलाय की संपला. त्या संध्याकाळी ट्रामने घरी जाताना मला वाटत राहिलं की आपण पाटीशिवायचा पक्षी झालो आहोत. फोन मी नीट बघितला होता. मी त्यात होतो. पण आधी मी हिरव्या रिसिव्हरच्या शेजारी चौकोनात होतो, आणि आता रिसिव्हर फिकट जांभळा होऊन कोपऱ्यात गेला होता, सगळं गोल गुळगुळीत झालं होतं, साबणाच्या वड्यांसारखं, आणि त्यांतल्या एका वडीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं, फक्त तेवढंच. आईला मी अक्षर म्हणून माहीत नाही. तिला मी 'हिरव्याच्या शेजारचा' म्हणून माहीत होतो. हिरवं गेलं, मीही गेलो. वर्षभर असंच चाललं आहे. आधी वार गेले, मग शेगडीची बटणं, मग क्रुम्बीगल बाईंचं नाव. ते त्यांनी फार मनावर घेतलं नाही. "मला माझं नाव कधीच आवडलं नाही," म्हणाल्या.

आनेटने मात्र मनावर घेतलं. आनेट माझी थोरली बहीण, कासेलला असते, करखात्यात आहे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिच्याकडे मुदतीसह येते. "तुमच्या तिकडच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होतेय," ती फोनवर म्हणाली. "बागेकडची. मी रविवारी येते. माझ्यासमोर आईने तुला स्वतःहून फोन लावून दाखवला तर मी गप्प बसेन. नाही तर खोली घ्यायची, फाल्क. पुढच्या वेळी थंडी असेल, आणि क्रुम्बीगल बाई बाजारात नसतील, मुलीकडे असतील." तिचं बरोबर होतं, आणि ती बरोबर असते तेव्हा मला लगेच काहीतरी हाताने करावंसं वाटतं. मी म्हटलं, मी आईच्या फोनला नवी थीम करतो, तिची अशी, तिच्यापुरती. रंग, चित्रं, अक्षरं, सगळं. त्यावर ती म्हणाली, "घर खचतंय आणि तू भिंतीला रंग निवडतोयस." मी म्हटलं, तिला भिंत दिसली तरी पुरे.

थीम करणं सोपं असतं असं फोनच सांगतो. आधी तो विचारतो, तुमची शैली कोणती: शांत, धीट की खेळकर? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इतक्या आपुलकीने बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलेलं नसतं. मी 'शांत' निवडलं. तिथेच चुकलं. बुधवारी संध्याकाळी मी आईच्या स्वयंपाकघरात बसून राखाडीच्या निरनिराळ्या छटा लावत होतो, दगडी, तागाची, धुक्याची, आणि त्यांवर बारीक पांढरी अक्षरं, जशी आम्ही संग्रहालयात नव्या दालनाला लावली आहेत. फारच देखणं झालं. आईने फोन हातात घेतला, चष्मा लावला, आणि माझ्याकडे कमालीच्या कणवेने बघितलं. "कोण गेलं रे?" मी म्हटलं, कुणी नाही, आई, हा तुझा फोन. "मला वाटलं, मयताच्या पेट्या विकणाऱ्या त्या माणसाच्या दुकानातनं काही आलं." मग मी मागच्या पडद्याला तिच्या टेबलावरच्या मेणकापडाचा फोटो लावला, नारिंगी फुलांचा, जे मेणकापड मी शाळेत असल्यापासून तसंच आहे आणि ज्याच्या एका फुलाला माझ्या इस्त्रीचा डाग आहे. आता फोनला एक खोड असते. मागे जे चित्र लावाल त्यातले रंग तो शोषून घेतो आणि बाकी सगळं त्याच रंगांत बुडवतो. फोन नखशिखान्त नारिंगी झाला. आई खूश झाली, आणि मीही निघालो. दुसऱ्या दिवशी क्रुम्बीगल बाईंनी कळवलं की आईचा फोन सकाळपासून सापडत नाहीये. मी कामावरून धावत गेलो. फोन टेबलावर होता, मेणकापडावर. फुलांत फूल होऊन पडला होता, आणि आई त्याच्या शेजारीच बटाटे सोलत बसली होती.

पडद्याला मग साधा गडद निळा लावला आणि माणसांकडे वळलो. अक्षरं नकोत, चेहरे हवेत. मोठे, एका पडद्यावर चारच: मी, आनेट, क्रुम्बीगल बाई, डॉक्टर. आनेटने करखात्याच्या ओळखपत्रावरचा फोटो पाठवला, ज्यात ती कुणाचंही काहीही माफ करणार नाही असं दिसतं. मी माझा नवा काढला, खिडकीशी, उजेड बाजूने घेऊन. आईने तो बराच वेळ बघितला. बोटाने माझ्या गालावरून, काचेवरून, हळूच पुसल्यासारखं केलं. मला वाटलं, जमलं. "एबरहार्ट," ती म्हणाली. एबरहार्ट माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. "याला मी फोन करत नाही," आई म्हणाली, अगदी समजुतीने, मला वाईट वाटू नये अशा बेताने. "तो आता उचलत नाही."

मी हात धुवायचं निमित्त करून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आरशात बघितलं. बाबाच होते. इतकी वर्षं मी स्वतःचा चेहरा समजून ज्याची दाढी करत आलो तो माणूस आधीच कुणीतरी वापरलेला होता. टॉवेलसाठी हात लांबवला, आणि हात हुकांच्या त्या जुन्या लाकडी पट्टीवर थांबला. चार हुक. तिसऱ्या हुकावर एक चित्र चिकटवलेलं आहे, झिजून अर्धं उरलेलं: एका देठाला दोन चेरी. चेरी म्हणजे आनेट. चौथ्या हुकावर फक्त वाळलेल्या डिंकाचा पिवळट डाग, नखाने खरवडल्यासारखा. तो मीच खरवडला होता, दहा-अकरा वर्षांचा असताना, केव्हातरी दुपारी, दार आतून लावून. हे मला लख्ख आठवलं. नखाखाली गेलेल्या कागदाची ती बारीक कळसुद्धा. बालवाडीत आम्हाला नावं नव्हती, चित्रं होती. चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र मिळायचं, आणि मग तेच चित्र त्याच्या कोटाच्या हुकावर, टॉवेलवर, दात घासायच्या पेल्यावर, सपातांच्या पिशवीवर, आणि घरच्या हुकावरही. ज्याची त्याची आई ते भरतकामात काढून द्यायची. छत्री, गोगलगाय, अळंबी, ढोल. आमच्या इकडच्या माणसांत ओळख जरा वाढली की कुणीतरी विचारतंच, "तुझं चित्र काय होतं?" दोरेनने मला पहिल्या हिवाळ्यात विचारलं होतं, ती गोगलगाय होती. मी म्हटलं, जहाज. शिडाचं. ती म्हणाली, वाटतंच. त्या 'वाटतंच'वर मी बरेच महिने जगलो. आता नळाच्या आवाजात मला ते जहाज दिसलं, लाल बुड, पांढरं शीड, इतकं स्पष्ट, की जहाज असलेला मुलगा आपलं जहाज हुकावरून खरवडून का काढेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

शनिवारचा दिवस मी चित्रं काढण्यात घालवला. आनेटला चेरी, ठसठशीत. क्रुम्बीगल बाईंना त्यांची बाजाराची चौकड्यांची पिशवी, डॉक्टरांना छाती तपासायची नळी. मला जहाज. फोनवर बोटाने चित्र काढायला बसलं की माणूस फार लवकर चार वर्षांचा होतो. जीभ आपोआप ओठांच्या कोपऱ्यात येते. शेवटी फोनने थीमला नाव द्यायला सांगितलं. नाव दिल्याशिवाय तो काही जपून ठेवत नाही. आधीच्या सगळ्या 'आई १', 'आई २' अशा होत्या. मी लिहिलं, 'आई – शेवटची'. कचेरीत आम्ही सगळेच असं लिहितो, आता बदल होणार नाही या अर्थाने. लिहून झालं आणि ते दोन शब्द मला त्या निळ्यावर दिसले. खोलीत कुणी नव्हतं तरी मी ते घाईघाईने खोडले, कुणी वाचू नये म्हणून. थीम रात्रभर बिननावाची राहिली.

रविवारी आनेट केक घेऊन आली, आयरशेक, तीन थरांचा, आईच्या आवडीचा. कोट काढायच्या आधीच तिने फ्रिज उघडून आतल्या तारखा तपासल्या. मग आम्ही मेणकापडाभोवती बसलो, आणि मी आईपुढे फोन ठेवला. आईने तो उघडला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी आनेटकडे बघायचं टाळलं. "अगं बाई, चेरी!" ती म्हणाली आणि तिने चेरी दाबली. आनेटची पर्स खुर्चीवर घणघणायला लागली. आनेटने फोन काढून कानाला लावला, दुसरं काय करणार. "आनेट?" आई फोनमध्ये म्हणाली. "कशी आहेस गं? येतेस कधी?" "आलेय, आई. तुझ्यासमोर बसलेय." "हो, ते दिसतंय. पण फोनवर तू जरा मायेने बोलतेस." आनेटने फोन लगेच ठेवला नाही. एक क्षण तो तसाच कानाशी धरला, मान जरा वळवून, जणू पलीकडे अजून काही ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "छान. आता फाल्कला लाव." आईचं बोट पडद्यावर फिरलं. पिशवी. नळी. जहाजावर आलं, थांबलं, पुढे गेलं, परत चेरीवर आलं. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, धप्प धप्प. "यात फाल्क नाहीये," आई म्हणाली.

मी टेबलाखालून स्वतःचा गुडघा दाबून धरला. "आई, हे बघ ना. हे. हे जहाज कुणाचं?" "ते इंगोल्फचं." तिने क्षणाचाही विलंब लावला नाही. "इंगोल्फ हेम्पेलचं. त्याच्या घरी मी फोन करणार नाही, त्याची आई फार नाक मुरडते." मी हसायचा प्रयत्न केला. "नाही गं आई, जहाज माझं होतं." आईने आनेटकडे बघितलं, आणि आनेटने आईकडे. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा त्या दोघी एका बाजूला होत्या. "तू झारी होतास," आनेट म्हणाली. "झाडांना पाणी घालायची झारी. मलाही माहितीये. तू दोरेनला जहाज सांगत होतास तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं, छाप पाडतोयस, म्हणून गप्प बसले." "इंगोल्फ पुढे खरंच बोटीवर गेला," आई म्हणाली. "रोस्टॉकला." झारी आनेटने उच्चारली नव्हती तोवर माझ्या आठवणीत कुठेच नव्हती, आणि आता ती अशी आली की जहाजाला उभं राहायला जागा उरली नाही, हुकावर, पेल्याच्या बुडाशी, सपातांच्या पिशवीवर, ती पोटुशी, एका हाताची, बोजड वस्तू, आणि बालवाडीच्या ओळीत माझ्यापुढे उभा असलेला इंगोल्फ, त्याच्या पाठीवरच्या पिशवीवर हलणारं शीड. मला खांद्यापासून कानापर्यंत गरम झालं. इतक्या वर्षांनी.

"तुला गालगुंड झालं होतं," आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की त्या पोराशी, सांगता येत नाही. तिचा हात मेणकापडावरचे केकचे कण एका जागी गोळा करत होता. "बरा होऊन गेलास तोवर चांगली चित्रं वाटून संपली होती. कंगवा उरला होता आणि झारी. तू म्हणालास, कंगवा. मी म्हटलं, कंगव्याला काय करता येतं? रडलास तू. नाक लाल करून झोपलास. मग मी टॉवेलवर झारी काढली आणि तिला थेंब काढले, निळ्या दोऱ्याने. बालवाडीच्या बाईंच्या चित्रात थेंब नव्हते. बाई म्हणाल्या, असं चालत नाही, सगळ्यांचं सारखं हवं. मी म्हटलं, चालू दे. बाकीच्या पोरांच्या चित्रांत काही घडत नव्हतं बघ. तुझ्यातून पाणी पडत होतं." एवढं सलग आई उन्हाळ्यानंतर बोलली नव्हती. आनेट केक कापत होती, सुरी हातात तशीच राहिली.

मी फोन ओढून घेतला, जहाज पुसलं, आणि तिथेच बसून झारी काढायला लागलो. झारीचं पोट एका बाजूने सुजल्यासारखं झालं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "तोटी त्या बाजूला नाही," ती म्हणाली, "इकडे. तू डावखुरा होतास." होतो. शाळेत त्यांनी ते मोडून काढलं. उजव्या हातात पेन्सिल कोंबायचे. मी तोटी पुसून दुसऱ्या बाजूला काढली. "थेंब," आई म्हणाली. मी थेंब काढले. आनेट म्हणाली, "पुरे झालं, चित्रं दोघंही चांगली काढता. आता लावून दाखव, आई. झारी दाब." आईने झारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता कशाला? तो समोर तर बसलाय." "बघण्यासाठी, आई." "बघतेच आहे की." आणि तिने फोन पालथा करून ठेवला आणि केकचा तुकडा मागितला. वेड लागलेल्या माणसाच्या बोलण्यात कधीकधी असा न्याय असतो की करखात्यालाही केक कापून द्यावा लागतो.

जिन्यात आनेटने मला थांबवलं. कोटाची बटणं लावताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "शुक्रवारी मला त्यांना खोलीचं सांगायचंय," म्हणाली. "तोवर तिने आपण होऊन फोन केला तर राहू दे. पण ते तू सांगू नकोस मला, तिचाच फोन येऊ दे. जहाज होतो म्हणणाऱ्या माणसावर मी कसा विश्वास ठेवू?" मग एकदम तिने माझ्या गालाला हात लावला, जिथे आईने काचेवरून लावला होता तिथेच, आणि टकटक पायऱ्या उतरून गेली. मी वर जाऊन थीम जपून ठेवली. नाव दिलं, 'आई – सध्याची'.

त्यानंतरचे दिवस मी फोन उशाशी, पेल्याशी, नळाशी घेऊन वावरलो. कितीदा वाटलं, आपणच फोन करून म्हणावं, आई, झारी दाब. केला नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा जाऊन यायचो, फोन टेबलावर असायचा, निळा, मेणकापडापासून वेगळा, आणि आई त्याच्याकडे बघायचीही नाही. बुधवारी तिने मला विचारलं, "तुमचे वडील बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. एखाद्याशी परक्यासारखं बोलताना आईचा आवाज फार गोड असतो, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, बागेकडची खोली काही वाईट नसेल. तिथे बाग असेल.

गुरुवारी मी संग्रहालयात बगळ्यांच्या कपाटासमोर शिडीवर होतो, जुनी पाटी काढत होतो. खाली एका शाळेची पोरं रांगेत, त्यांच्या बाई ओरडतायत, काचेला हात नाही लावायचा, कुणीच नाही. खिशात फोन घणघणला. पडद्यावर आई. शिडीच्या पायऱ्या मी कशा उतरलो, मला माहीत नाही. "आई? काय झालं? पडलीस का?" "मी कशाला पडू?" तिचा आवाज कोरडा, जुना, माझ्या ओळखीचा होता. "फाल्कच ना?" "हो आई, फाल्क." "काही नाही रे. थेंब पडतायत का बघत होते." पोरं माझ्याकडे बघायला लागली होती, भुसा भरलेल्या बगळ्यांपेक्षा मी त्यांना अधिक मजेशीर वाटत असणार. "पडतायत, आई," मी म्हणालो. "मग ठेवते. चेरीलाही लावायचाय. ती एकटीच असते तिकडे." फोन बंद झाला. मी तो तसाच कानाशी धरून उभा राहिलो, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो माझ्या डाव्या हातात आहे.